उणे दोनशे त्रेपन्न

३ जानेवारी

तो गेला. टूथब्रशसुद्धा आठवणीनं नेला — बाप मात्र ठेवून गेला! "बाबांना नंतर नेतो," म्हणे. म्हणजे फ्रीजच जणू!

५ जानेवारी

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "दिवसभर करतेस काय गं त्या लॅबमध्ये?" सांगितलं — हायड्रोजन गारठवून द्रव करते. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की तोडायला हजारो अंशांची आग लागते. पण एका रेणूला दुसऱ्याची ओढ म्हणाल तर नावापुरती. उणे दोनशे त्रेपन्न अंशांपर्यंत नेलं, तेव्हा कुठे ते एकत्र टिकतात.

"म्हणजे नवरा-बायको घट्ट, शेजारी परके," बाबा हसत म्हणाले. मग त्यांनीच जीभ चावली. मी ताट तसंच टाकून उठले.

९ जानेवारी

माती खाल्ली!

हायड्रोजनचे रेणू दोन तऱ्हेचे. गार झाल्यावर एका तऱ्हेचे हळूहळू दुसऱ्या तऱ्हेत जातात आणि उष्णता सोडतात. म्हणून टाकीत भरण्याआधी तो लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीतून न्यायचा, की हे सगळं बाहेरच उरकतं. परवा मी ती वाटच उघडली नाही. थेट भरला. नेमका तेव्हाच त्याचा मेसेज आला होता — "रविवारी बाबांना न्यायला येतो."

आज टाकीतला पाव हिस्सा गायब! साहेब ओरडले, "गळती शोधा!" गळती नव्हतीच. स्वतःच्याच उष्णतेनं आतल्या आत उकळला आणि उडून गेला. चूक माझी, असं सरळ सांगून टाकलं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. माझीही नव्हती.

१० जानेवारी

उद्या बाबाही जाणार. मग संध्याकाळी कुलूप मीच उघडायचं आणि आत कुणीच नाही. नको वाटतंय. फार नको वाटतंय. पण "राहा" म्हणू कुठल्या तोंडानं? तो मधून निघून गेला, आता मी त्यांची कोण? नळ सोडून रडले. बाबांचे कान तिखट, बाहेरून विचारलं, "पाणी वाया का घालवतेस, पोरी?"

११ जानेवारी, रविवार

तो आला. बाबांनीच बॅग दाराशी आणून ठेवली. तो उचलायला वाकला, तेव्हा म्हणाले, "तुझे उरलेले शर्ट आहेत त्यात. माझे हिनं आत्ताच वाळत घातलेत."