साडेचारची फेरी

३ नोव्हेंबर, सोमवार

परवाच्या भाषणाची सुरुवात. तिसरा खर्डा:

"मुरब्याच्या आणि सातपाटीच्या लोकांनो! या काठावरून त्या काठावरची वाळत घातलेली जाळी दिसतात. तरी इतकी वर्षं आपली वरात, आपली बाळंतीण, आपला मासळीचा टेम्पो बोईसर-पालघरचा वळसा मारत राहिला. खाडी आपली, पाणी आपलं, आणि गाडी पलीकडं न्यायची सोय मात्र नाही! गाड्या नेणारी ही जयवंती बोट आली आणि तो वळसा संपला. आता म्हणतात, फेऱ्या कमी करू."

इथपर्यंत बरं आहे. पुढं पाल्हाळ होतंय.

आमच्या मंडळाच्या वैशालीताईंना फोनवर वाचून दाखवलं. पालघरच्या शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळं कौतुकसुद्धा तपासून करतात. म्हणाल्या, "छान आहे. पण काका, दहा मिनिटं. पौर्णिमा आहे. साडेचारची फेरी गेली की मधल्या वाळूवर पाणी राहत नाही, मग थेट सातनंतर."

दहा म्हणजे दहा, म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

काय दिवस!

जयवंतीचा पहिला वाढदिवस. मुरबे जेटी, झेंडूची माळ, मंडळातल्या दुबेनं कारखान्यातल्या मित्राकडून आणलेला माइक. गाड्या बोटीत चढतात त्या रॅम्पवरच टेबल मांडलं. सव्वाशे तरी माणूस. आमचं फेरी मंडळ म्हणजे एरवी सहा-सात वेडे, वही घेऊन बसणारे. आज गाव आलं.

बोललो. बऱ्याच दिवसांनी गळा लागला. कारखान्याच्या गेटवर बोलायचो तसा. हिराजीदादानं मध्ये तीनदा भोंगा देऊन सलामी दिली. बोट चालवणारा हा तांडेल एरवी चार शब्द बोलत नाही. डोळे भरून आले माझे.

मग ती घाण. बोट खाडीच्या मधोमध वाळूत रुतली. अडीच तास. टेम्पोतला बर्फ वितळून पापलेटं गेली. कुंभवलीच्या दोन पोरींची कामावरची पाळी बुडाली. लोक आम्हालाच शिव्या देत होते. गाळ काढा म्हणून वर्षभर ओरडतोय, कोणी काढला? उद्या पत्र लिहिणार. कडक.

६ नोव्हेंबर

टेम्पोवाल्यानं तक्रार केली. फेरीच्या कंत्राटदाराचा माणूस मंडळाकडं आला. जेटीवरचा कॅमेरा बंद, तिकिटावर तारीख असते पण वेळ नसते; बोट कधी सुटली ते कुठंच नाही. "तुमची वही आहे म्हणे?"

आहे म्हणे! वर्षभराची प्रत्येक फेरी, सुटल्याची वेळ, भरती-ओहोटी, गाड्या किती, रॅम्प कसा टेकला. माझी लिहायची पाळी नसते तेव्हा वैशालीताई (वै.) लिहितात. मी छाती फुगवून वही दिली. म्हटलं, "इथल्या कोणत्याही कागदापेक्षा चोख आहे. वापरा."

छायाप्रत काढून वही परत केली त्यांनी. पोच घेतली.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिराजीदादाला सुकाणूवरून उतरवलं. चौकशी होईपर्यंत घरी. चौकशी सोमवारी, १७ तारखेला, सकाळी दहाला, जेटीवरच्या तिकीटघरात. ठपका बसला तर परवाना जाईल असं ऐकतो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्वतःची होडी विकून इथं लागला.

अंगाची आग होतेय. गाळ यांनी काढायचा नाही आणि बळी तांडेलाचा! पत्रक लिहायला घेतलं. मथळा: "खाडी कोणी बुजवली?" मोर्चा काढायचा. मंगल म्हणाली, "आधी जेवा."

९ नोव्हेंबर

नवा तांडेल बाहेरचा. सकाळच्या तीन फेऱ्या पाहिल्या. रॅम्प धाडकन आपटतो. हिराजीदादा बोटीचं नाक प्रवाहाच्या विरुद्ध धरायचा आणि पाण्यालाच बोट काठाला आणू द्यायचा. टेकल्याचं कळायचं नाही. वहीत आम्ही त्यासाठी एक खूण ठेवली होती, छोटं शून्य. वर्षभर शून्यंच शून्यं. आज तीन फुल्या.

दुपारी त्याच्या घरी. पडवीत जाळं विणत बसलेला. त्याची बायको पाणी देऊन लगेच आत गेली, ते टोचलं. मी मोर्चाचं सांगितलं.

"काका, मोर्चा कशाला?"

"अन्याय आहे हा, दादा!"

"तुमच्या वहीत सुटल्याची वेळ काय हाय?"

"साडेचार."

"मग साडेचार." सुई पुन्हा चालू. "तुमी शिकलेली मानसा. तुमी लिवलं त्या खरा."

बाहेर पडल्यापासून ते वाक्य डोक्यात. त्याचा सूर नीट कळला नाही. की कळला?

११ नोव्हेंबर

वै. संध्याकाळी बोईसरला घरी आल्या. भरती-ओहोटीचं पुस्तक, फूटपट्टी, वही. चहा घेतला नाही.

"काका, साडेचारला सुटली असती तर मधल्या वाळूपाशी पाच मिनिटांत पोचली असती. तेव्हा तिथं पुरेसं पाणी होतं. रुतलीच नसती."

"मग?"

"म्हणजे वहीप्रमाणं एकच निघतं, हिराजीदादानं खोल पाण्याची वाट चुकवली. कंत्राटदाराच्या लोकांनी तेच काढलंय." वहीतल्या ओळीवर फूटपट्टी ठेवली. "त्या दिवशी वही तुमच्याकडं होती. वेळ घड्याळात पाहून लिहिलीत?"

मी रागावलो. वर्षभराच्या निष्ठेवर संशय, वगैरे. चांगलं पाच मिनिटं बोललो. त्या ऐकत राहिल्या, वर्गात पोराचं ऐकावं तशा. मग गेल्या.

खरं इथं लिहितो, इथं कोण वाचणार. भाषणाच्या आधीच ओळ भरून ठेवली होती. "सुटली ४.३०." हात मोकळे राहावेत म्हणून. एरवी कधी असं

झोप नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी सातला दुबेच्या खोलीवर. रात्रपाळीवरून आलेला, अंघोळ करून बाहेर निघालेला. म्हटलं, वाढदिवसाचं चित्रण दाखव. गटावर टाकलंस ते नको, पूर्ण.

"पूरा देखेंगे काकाजी? आपकी आवाज़ तो एकदम कड़क आई है। बस बीच-बीच में भोंपू आ रहा था, इसलिए वो हिस्सा काट दिया था।"

पूर्ण पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ.

४.२८. मी बोलतोय. पहिला भोंगा. मी हात वर करून म्हणतो, "ऐका! आपली जयवंतीसुद्धा टाळ्या देतेय!" हशा, टाळ्या.

४.३५. दुसरा. लांब. "हा भोंगा आपल्या एकजुटीचा आहे!"

४.४१. तिसरा. मी आवाज चढवतो. भोंग्यावर मात केल्याचा आनंद माझ्या तोंडावर स्पष्ट दिसतो.

मागं, रॅम्पच्या कडेला हिराजीदादा खाली उतरलाय. हातानं पाण्याकडं दाखवतोय. टेबल रॅम्पवर, टेबलापुढं मी, माझ्यापुढं गाव. त्याला बोट सोडता येत नाही.

४.५०. मी संपवतो. तो माझ्याजवळ येतो, माइक चालूच. "काका, पानी गेला. आता नको, सातला जाऊ." आणि मी, माइकवर: "दादा म्हणतात नको! लोकहो, जयवंती वर्षभरात कधी थांबली का?" लोक ओरडतात, नाय! टेम्पोवाला सगळ्यात मोठ्यानं.

४.५३ ला सुटली.

दुबे बूट घालत होता. म्हणाला, "मैं तो समझा सलामी दे रहा है।"

मीही.

१३ नोव्हेंबर

मंगलला सांगितलं. तिनं भाजी चिरणं थांबवलं नाही. "सदतीस वर्षं या घरात मीही भोंगा देतेय," म्हणाली. मग हसली. मग म्हणाली, "जा आधी त्यांच्याकडं."

गेलो. स्कूटर कुंभवलीला दोनदा थांबवली. काय बोलायचं ते जुळवत होतो, प्रत्येक वाक्य भाषण होत होतं. पडवीत उभं राहून शेवटी एवढंच निघालं: "दादा, चूक माझी. चारपन्नासपर्यंत मी रॅम्प अडवला. वेळ खोटी लिहिली."

"मना म्हाइत हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"कोनाला बोलू? तुमीच त बोलता सगल्यांच्या वतीनं." जाळं बाजूला ठेवलं. "आन् मी त नेली ना बोट. माज्या हातात व्हती. नाय म्हनायला पायजे व्हता. सगला गाव बघत व्हता."

त्याची बायको दारात आली. "काका, आता खरा लिवलं तरी यांनाच इचारतील, उशिरा का सोडली?"

आयुष्यभर उत्तर नसताना बोललो आहे. आज चपला घातल्या.

निघताना हिराजीदादा: "पन वाट चुकलो असा नको लिवायला. त्या सोडून काय पन लिवा. वाट मी नाय चुकलो."

१४ नोव्हेंबर

वहीत ५ तारखेच्या ओळीखाली लाल शाईनं दुरुस्ती. सही केली, वै.ची सही घेतली. त्यांनी सही करताना पेन जरा जास्तच दाबलं.

कंत्राटदाराच्या माणसाकडं घेऊन गेलो, दुबेचं चित्रणही. सभ्य माणूस, खुर्ची दिली. "मानेसाहेब, तुम्ही त्यांचे मित्र. वही तुमची, सही तुमची, चित्रण तुमच्या मंडळाचं, तेही आधी काटछाट केलेलं. आठ दिवसांनी तुम्ही वेळ बदलता. चौकशीचे साहेब म्हणतील, तांडेलाला वाचवायला जुळवलं. बोटीवर होते ते लोक काय सांगतात?"

बोटीवर होते ते लोक आम्हाला शिव्या देत होते.

मोर्चाचं पत्रक फाडलं. मथळा चांगला होता. गाळाचंही खरंच आहे, पण ते नंतर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर फिरलो, मुरबे. टेम्पोवाला: "माझी मासली गेली, आता तुमच्यासाठी साक्ष देऊ?" तो स्वतः "नाय" ओरडला होता हे दाखवलं. चित्रण पाहून फोन परत दिला. "बघू," म्हणाला. कुंभवलीची एक पोरगी भेटली, कामाची पाळी बुडाली ती. तिनं मला पुरतं झापलं. खरं होतं प्रत्येक वाक्य. येते का विचारलं तर, "रजा नाय मिलणार." आणखी चार जण: बघू.

घरात येरझाऱ्या. इतकी पुस्तकं वाचली. त्यांत दुसऱ्यांच्या चुकांवर बोलायला लागेल तेवढं सगळं सापडलं.

हिराजीदादाला परत सुकाणू मिळेल की नाही माहीत नाही. उशिरा सोडल्याचा ठपका राहीलच. पण वाट चुकला हे त्याच्या नावावर राहिलं तर परवाना गेलाच. शिवाय ते खोटं आहे, आणि माझ्या अक्षरात आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुरबे-सातपाटीच्या गटांवर टाकायचा मजकूर. सकाळपासून सात खर्डे. पहिला दोन पानी होता. वै. म्हणाल्या, "अजून कमी." मंगल म्हणाली, "अजून." शेवटचा दुपारी चारला टाकला. आता पाच. चाळीस जणांनी वाचला. उत्तर एकाचंही नाही. हिराजीदादानंही वाचलाय.

मजकूर:

"५ तारखेला साडेचारच्या फेरीत बसलेल्या सर्वांना. तुमची मासळी, तुमची कामाची पाळी, तुमची संध्याकाळ गेली. ती हिराजी तांडेलामुळं नाही, माझ्यामुळं गेली. पाणी सरतंय म्हणून त्यानं तीनदा भोंगा दिला. मी बोलत राहिलो. बोट ४.५३ ला सुटली, वहीत मी ४.३० लिहिलं, ते खोटं आहे. उद्या, सोमवारी, सकाळी दहाला मुरबे जेटीच्या तिकीटघरात या आणि भोंगा किती वाजता ऐकला, बोट किती वाजता सुटली, एवढंच साहेबांना सांगा. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही तिथंच द्या. भाषण होणार नाही."