पहिल्या वर्षीचे धावपटू

१२ सप्टेंबर, सकाळ
पेपरात बातमी. शहराच्या मॅरेथॉनला यंदा पंचवीस वर्षं. पहिल्या वर्षी धावलेल्यांना कमिटी शोधतेय. उशिरा का होईना, जाग आली म्हणायची. आम्ही धावलो तेव्हा रस्ते बंद नव्हते. मागून ट्रक हॉर्न मारायचे, पाणी ज्याचं त्यानं न्यायचं. लोक विचारायचे, चोर कुठल्या बाजूला गेला? आता हजारोंनी येतात, केळी काय वाटतात, डॉक्टर काय ठेवतात. या सगळ्याचा पाया कोणी घातला?
बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. तीही होती त्या वर्षी. तिथंच तर ओळख झाली आमची. तिनं पेपर घडी घालून कपाटात ठेवला. माझ्यासाठीच असणार.
ठरलं. यंदा पुन्हा धावायचं. उद्यापासून पहाटे पाच.

१३ सप्टेंबर
आठला उठलो. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देणं शास्त्रीय नाही.

५ ऑक्टोबर
कमिटीच्या सेक्रेटरी बाईंचा फोन. मॅडम आहेत का, म्हणाल्या. मी म्हटलं, मिस्टर बोलतोय, मलाच सांगा. थेट माझ्याकडे मागायला संकोचल्या असणार. स्मरणिकेसाठी मुलाखत हवी आहे. रविवार दिला.
प्रॅक्टिस सध्या मानसिक. नवे बूट घेतलेत, ते आधी पायाला रुळायला हवेत. टीव्ही बघताना घालतो.

११ ऑक्टोबर, रविवार
स्मरणिकेवाली आली. तरुण मुलगी, हातात रेकॉर्डर. तासभर बोललो. पुलापर्यंत मी पुढच्या घोळक्यात होतो, तिथं पोटरीत गोळा आला नसता तर या शहराचा इतिहास वेगळा असता, हे नीट समजावून सांगितलं. तरी मधे मधे विचारत होती, मॅडम कधी येतील?
बायको चहा घेऊन आली, तर पोरगी ताडकन उठून उभी राहिली. चहा आणणाऱ्याचाही मान ठेवते. वळण चांगलं आहे.
मग बायकोला म्हणाली, तुम्ही अख्खी शर्यत पुरी केलीत, मग पुन्हा कधीच का नाही धावलात? उत्तर मीच दिलं. लग्न झालं, घरात माझी आजारी आई, सुनेनं पहाटे उठून रस्त्यानं पळणं आईच्या डोळ्यांत खुपायचं. बायको म्हणाली, बरोबर सांगतायत, सगळं यांनीच ठरवलं होतं. इतक्या वर्षांत प्रथमच परक्या माणसासमोर श्रेय दिलं. बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर
लेकीनं पार्सल पाठवलं. धावायचे बूट. उघडून बघतो तर दोन नंबर लहान! सख्ख्या बापाच्या पायाचं माप कार्टीला माहीत नाही. फोनवर झापलं. ती म्हणाली, बाबा, आईकडे दे फोन. बायको म्हणाली, राहू देत, बघते मी. बदलून आणेल.

१७ नोव्हेंबर
बायको हल्ली पहाटे घरात नसते. दूध आणायला म्हणे. एवढा वेळ? दूधवाल्याला एकदा बोललं पाहिजे. चहा रोज उशिरा. माझी प्रॅक्टिस मागे पडली ती यामुळे. रिकाम्या पोटी माणूस धावणार कसा?
ऑफिसात हेडक्लार्क म्हणाला, जिना चढून आलात की आम्ही तुम्हाला खुर्ची सरकवतो आणि तुम्ही मॅरेथॉन पळणार? जळतात मेले.

९ डिसेंबर
सत्काराचा पास आला. वर बायकोचं नाव, खाली ‘आणि सोबत एक व्यक्ती’. फोन करून चूक दाखवली. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, चूक नाही.
असो. बायकोला म्हटलं, दोघं स्टेजवर बसू, भाषणाचं मी बघतो. तर म्हणाली, मी बसणार नाही. मी धावायचा नंबर मागून घेतलाय.
समजावलं. वय काय, गुडघे काय, लोक काय म्हणतील. लग्नानंतर नुसतं ‘लोक काय म्हणतील’ एवढंच सांगितलं होतं तेव्हा लगेच समजली होती. आज म्हणते, तेव्हा समजलं नव्हतं मला, नुसती थांबले होते.
तोंडाळ झाली आहे.

२० डिसेंबर, दुपार
शर्यत झाली. म्हणजे माझी. सुरुवात दणक्यात. पहिल्या सिग्नलला बरगडीखाली कळ आली. अनुभवी धावपटू अशा वेळी हट्ट करत नाही. रिक्षानं फिनिशला गेलो, स्टेजवर बसावं म्हणून. गार्डनं पास मागितला. तो बायकोकडे. मी म्हटलं, पहिल्या वर्षीचा धावपटू आहे मी. त्यानं स्मरणिका पुढे केली, दाखवा म्हणाला. पानभर फोटो बायकोचा. पहिल्या वर्षी शर्यत पुरी करणारी एकमेव महिला. तळाशी एक ओळ : ‘त्यांचे पतीही सुरुवातीला धावले होते.’ सुरुवातीला! याचे दोन अर्थ होतात. संपादकांना खडसावणार.
भूक लागली, घरी आलो. कुलूप. चावी बायकोकडे. जिन्यात बसून लिहितोय.

संध्याकाळ
शेजारच्या वहिनी धापा टाकत वर आल्या. म्हणाल्या, तुम्ही इथं? मंडप सोडत होते हो, पण तुमची मंडळी येताहेत कळल्यावर हातातलं टाकून सगळे थांबले. निम्म्याच्या पुढे चालतच आल्या, पण आल्या. मी तर रडले बाई. तुम्ही कसे नव्हता? मी म्हटलं, काम होतं.
मग ती आली. लंगडत. गळ्यात मेडल. पायात ते लेकीचे बूट. मी म्हटलं, अभिनंदन, पण त्या वर्षी पुलापर्यंत मी तुझ्यापुढे होतो. ती हो म्हणाली. कुलूप काढून आत गेली, बॅग घेऊन बाहेर आली. म्हणाली, लेकीकडे चाललेय. विचारलं, परत कधी? म्हणाली, माहीत नाही.
मेडल बघायला मी हात पुढे केला. तिनं हातावर चावी ठेवली.
सगळं घर विश्वासानं माझ्यावर टाकून गेली.