रिळाच्या तळाचा दोरा

३ जानेवारी १९८८, रविवार

पितांबरचं पार्सल! अकरा वर्षांनी!

त्याच्या भाचीनं आणून दिलं. लांब काठी, तिला लावायचं रीळ, पिसांचे माशीएवढे गळ आणि एक जाड पिवळा दोरा. स्कॉटलंडात असेच मासे धरतात म्हणे. गळाला वजन नाही, वजन दोऱ्यालाच. सोबत चिठ्ठी — "फेब्रुवारीत येतोय. गिरणेच्या डोहावर जाऊ, लहानपणी जायचो तसे. पिवळा दोरा नव्वदच फूट आहे. मोठा मासा पळाला की संपतो. म्हणून त्याच्यामागे, रिळाच्या तळाशी, दुसरा बारीक दोरा लागतो. तो तिथलाच घे. नीट निवड. तो तुटला तर मासाही गेला आणि पिवळा दोराही."

बस्स. धुळ्याच्या सभेबद्दल अक्षर नाही.

मला मात्र माझं ते वाक्य पाठ आहे — "या मातीचं अन्न खाऊन परक्यांचे कारखाने चालवायला जातात, ती माणसं पळपुटी!" नाव घेतलं नव्हतं. गरजच नव्हती. तो तिसऱ्या रांगेत बसला होता आणि पंधरा दिवसांनी विलायतेला निघणार होता. टाळ्या थांबेनात. तो गेला त्या दिवशी माझं चोपड्याला व्याख्यान होतं. त्यानंतर ना त्याचं पत्र, ना माझं.

आता येतोय तर माफी मागायची. आणि दोरा तुटू द्यायचा नाही.

५ जानेवारी

यात निवडायचं काय? सूत! कापसाच्या मुलखात राहून मी नायलॉन शोधू? चाळीस वर्षं व्यासपीठावरून काय ओरडतोय मग? धरणगावच्या लीलाधरला सांगून तिपदरी पीळ घालून घेतला. काय सुंदर दोरा आलाय — ताक घुसळायची दोरी बारीक केल्यासारखा.

कुंदा म्हणाली, "अहो, गळ लोखंडाचा चालेल ना? की तोही खादीचा?"

बायको आहे की विरोधी पक्ष!

९ जानेवारी

डोहावर झुलाल भोई भेटला. जन्म पाण्यात गेलेला माणूस. दोरा बोटांत फिरवून म्हणाला, "नाना, सूत पानीमा सडस."

मी त्याला सुताचं महत्त्व सांगितलं. अर्धा तास तरी बोललो असेन. त्यानं शांतपणे ऐकलं, बिडी संपवली आणि म्हणाला, "बठ्ठं खरं शे, नाना. पन पानीले भासन समजत नई."

राग आला. पण पुढचं बोलला ते खरंच होतं. "मना बाप सूतनंच जाळं वापरे. पन ते बाभूळनी सालमा उकाळे, अन रोज वाळाडे. तुमना दोरा चाकवर ओलाच ऱ्हाई. कोन वाळाडी?" खरंच, रोज कोण वाळवणार?

शेवटी पैज. दोऱ्याचा एक तुकडा डोहाच्या गाळात मुरवून मडक्यात ठेवायचा. मडकं आमच्या न्हाणीघरामागे. पाहूच!

१४ जानेवारी

तिळगूळ. मडक्याला वास येतोय. कुंदा म्हणते, गोड बोलायचा दिवस आहे म्हणून गप्प बसलेय.

२० जानेवारी

माफीचा मसुदा लिहितोय. चार पानं झाली. पहिल्या पानावर माझीच बाजू भक्कम झाली. फाडलं. पुन्हा लिहिलं.

३० जानेवारी

झुलालनं दोरा मडक्यातून काढला, दोन्ही टोकं धरली. भिजलेली शेव मोडावी तसा तुटला! आवाजसुद्धा झाला नाही.

वाटलं, आता हा हसणार. हसला नाही. "तुमी रोज वाळाडता ते टिकता," एवढंच म्हणाला — वाळवला असता तर टिकला असता.

माझं मत बदललेलं नाही. पाण्याबाहेर सूतच!

२ फेब्रुवारी

मगनच्या दुकानातून नायलॉनचा तंगूस आणला. गुपचूप, पिशवीत लपवून. कुंदानं पाहिलाच.

अंगणात टोकाला विटांचं पोतं बांधलं आणि ताणून ताणून गुंडाळला. तंगूस ताणला की लांबतो, मग आकसतो, आणि रिळाला असा आवळून बसला की चाक फिरेना! कात्रीनं कापून काढावा लागला. बरं झालं, इथेच कळलं.

६ फेब्रुवारी

धुळे. झुलालनं सांगितलेलं जाळ्यांचं दुकान सापडलं. विणलेला टेरिलीनचा दोरा, बारीक, पांढरा. कुजत नाही, लांबत नाही, बोट कापत नाही. घेतला.

येताना सभेच्या मैदानावरून आलो. पोरं क्रिकेट खेळत होती. दुकान विचारताना सुताबद्दल माझं चुकलं हे झुलालजवळ कबूल केलं, तेव्हा आभाळ काही कोसळलं नाही. मग पितांबरजवळच एवढी भीती कसली?

७ फेब्रुवारी

झुलालनं गाठ मारून दिली — खाली पांढरा, वर पिवळा. खूप समाधान वाटलं.

१३ फेब्रुवारी

आला! केस पांढरे, चष्मा जाड. दारातच म्हणाला, "लेका, पोट सुटलं तुझं." चार पानं खिशातच राहिली.

१४ फेब्रुवारी, रविवार

पहाटे डोहावर. त्यानं काठी माझ्याच हातात दिली. दोनदा गळ बाभळीत अडकला. तिसऱ्यांदा पाण्यात — आणि हिसका! रीळ किंचाळायला लागलं. पिवळा दोरा बघता बघता संपला. गाठ काठीच्या कड्यांतून खटखट करत गेली. मग पांढरा! पितांबर धोतराचा काष्टा मारल्यासारखी पँट वर ओढून पाण्यात नाचत होता — "सोड, सोड! जाऊ दे! आता ओढ!" झुलाल काठावरून, "नाना, बोलू नका, वढा!"

गळ निसटला. कसला मासा होता तेही कळलं नाही. पण दोरा अख्खा परत आला. इंच न् इंच! तिघं वाळूत बसून ठेचा-भाकरी खाल्ली. इतका हसलो नव्हतो कित्येक वर्षांत.

१५ फेब्रुवारी

आज बोललो. कागद न काढता. सभा, तिसरी रांग, ते वाक्य — सगळं.

पितांबर म्हणाला, "कुठलं वाक्य? तू 'बंधुभगिनींनो' म्हणालास आणि मी उठलो. दीड तासाची निश्चिंती! वरण-बट्टी खायला गेलो."

"मग अकरा वर्षं पत्र का नाही?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "तू स्टेशनवर आला नाहीस."

अठ्ठावीसला परत निघणार. गाडीची वेळ विचारून घेतली.