मूळ वजन चौऱ्याहत्तर

१ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. मीही जाणार.

आमची ईश्वरी जानेवारीत जॉर्जियाला निघालीये. दोन महिन्यांचा स्की इन्स्ट्रक्टरचा कोर्स. एकटी. अठरा वर्षांची पोर! लहानपणापासून इथल्या दुबईच्या मॉलमधल्या बर्फात घसरत मोठी झाली, आता म्हणे दुसऱ्यांना शिकवणार. आली की सप्टेंबरात कॉलेजला कॅनडा. मग कुठली आपल्या वाट्याला येतेय? म्हणून त्याच कोर्सला मीही नाव घालतोय. वय एक्कावन्न. सो व्हॉट.

जेवताना जाहीर केलं. छायाने विचारलं, तुम्हाला स्की येतं का? म्हटलं, येत असतं तर कोर्स कशाला केला असता? यावर बायकोने नुसती आमटी वाढली. ईश्वरी म्हणाली, बाबा, इट्स अ कोर्स फॉर टीचर्स, यू हॅव टु स्की फर्स्ट. किरकोळ तपशील आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

कोर्सवाल्यांची मेल. दोन अटी. एक, १३ डिसेंबरला मॉलमधल्या बर्फावर टेस्ट. दोन, ऑल-माउंटन स्की हवी, स्वतःची किंवा भाड्याची. म्हणजे कुठल्याही डोंगरावर, कसल्याही बर्फावर चालणारी. भारी! माणसानेही असंच असावं.

टेस्टचं बघू. आधी स्की. स्की बरोबर निवडली की निम्मं काम ती स्वतःच करते. हे माझं मत आहे, पण पटण्यासारखं आहे.

५ नोव्हेंबर

स्कीची पट्टी मधोमध किती रुंद घ्यावी, ८४ मिलिमीटर की ८८? ऑफिसात पूर्ण दुपार यातच गेली. क्वार्टरली रिपोर्ट राहिला. चिपळूणच्या लियाकतला विचारलं, शेजारच्या टेबलावर बसतो. म्हणाला, चार मिलिमीटरने काय होणारे, हबीबी, आधी जिना चढून दाखव. जळतो.

आजपासून व्यायाम. लिफ्ट बंद.

६ नोव्हेंबर

लिफ्ट चालू. गुडघा जपायला हवा, तोच तर पुढे लागणारे.

बाथरूममधला वजनकाटा वाट्टेल ते दाखवतो. बॅटरी काढून ठेवली. माझं वजन चौऱ्याहत्तर. लग्नात चौऱ्याहत्तर होतं आणि मूळ वजन तेच धरायचं असतं. वरचं येतं-जातं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रास अल खोरच्या एका गोदामात स्कीचा सेल होता. लियाकतच्या गाडीतून गेलो, ईश्वरीही आली. तिला स्की घ्यायचीच नव्हती, तिथे जाऊन भाड्याने घेईन म्हणे. या पिढीला मालकीची किंमतच नाही.

८८ घेतली. निळी. २,९०० दिरहॅम, म्हणजे सत्तर हजार रुपये. लियाकतने हा हिशोब मोठ्याने केला. गरज नव्हती.

स्कीवर बूट धरून ठेवायला एक पकड असते. माणूस पडला की ती सुटायला हवी, नाहीतर पाय मोडतो. एरवी सुटता कामा नये. म्हणून ती वजनाप्रमाणे आणि स्की किती येतं त्याप्रमाणे कमी-जास्त घट्ट करतात. दुकानदाराने वजन विचारलं. ठणकावून सांगितलं, चौऱ्याहत्तर. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने लिहिलं. लेव्हल विचारल्यावर ईश्वरीने मधेच तोंड घालून बिगिनर सांगून टाकलं. बापाची अब्रू म्हणून काही असते की नाही?

जॅकेटही घेतलं. साइज मीडियम. झिप जरा कडक आहे. नवीन आहे ना.

२ डिसेंबर, मंगळवार

नॅशनल डेची सुट्टी. बर्फावर पहिला सराव. तिथली इन्स्ट्रक्टर लायबा, शारजात वाढलेली, वयाने ईश्वरीपेक्षा थोडी मोठी. मला अंकल म्हणते. उद्याचा कलीग आहे मी तुझा, बाई!

उजवी स्की दोनदा निघाली. डावी चारदा. मी पडलो म्हणून निघाल्या नाहीत, त्या निघाल्या म्हणून मी पडलो. हा फरक कोणी समजूनच घेत नाही. लायबाने हळूच विचारलं, अंकल, वजन बरोबर सांगितलं होतं ना? अख्खा मॉल ऐकेल असं म्हटलं, चौऱ्याहत्तर! ईश्वरी छताकडे बघत होती.

मालच डिफेक्टिव्ह आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

टेस्ट. घेणारी लायबाच. पहिल्याच वळणावर दोन्ही स्की पायातून सुटल्या आणि माझ्या आधी खाली पोचल्या. मी मागून, बसून. टाळ्या पडल्या. बर्थडे पार्टीला आलेली पोरं होती.

लायबाने निकाल मेल करते म्हणून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून तरी आशा आहे.

१६ डिसेंबर

निकाल. नॉट रेडी. मीच नाही म्हणणार होतो. दोन महिने रजा कोण देतोय? आणि एका घरातले दोन इन्स्ट्रक्टर म्हणजे ईश्वरीवर प्रेशर. बापाच्या सावलीत पोरं वाढत नाहीत.

ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, बाबा, कॅन आय टेक युअर स्कीज? लांबी मला बरोबर आहे, पकड जरा घट्ट करून घेईन. घे म्हटलं. मी नाही तर स्की तरी जाऊ दे तिच्याबरोबर.

वाईट वाटलं. वाटलं तर वाटलं.

३ जानेवारी, शनिवार

पॅकिंग. उद्या फ्लाइट. स्कीची बॅग वेगळी धरतात, सूटकेस वीस किलो. एक किलोही जास्त चालणार नाही.

सूटकेसचं वजन करायचं काम या घरात माझं. बॅग उचलून काट्यावर उभं राहायचं, आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं. काट्यात नवीन बॅटरी घातली. आकडा आला १०६. वजा चौऱ्याहत्तर. बत्तीस! बारा किलो जास्त! छाया म्हणाली, एकदा नुसते उभे राहून बघा ना. कशाला? माझं वजन मला माहीत नाही?

मग काढाकाढी. राइस कुकर काढला. डिंकाचे लाडू, मेतकूट, चिवडा काढला. अजून जास्तच. छायाचे डोळे भरले, कालपासून लाडू वळत होती बिचारी. स्वेटर काढले. शेवटी ईश्वरीचं जाड जॅकेट. छाया म्हणाली, अंगात घालून जा. ती म्हणाली, इन दुबई? नो वे, तिथे भाड्याने घेते. शेवटी आकडा आला ९४. म्हणजे बरोबर वीस. खलास.

वीस किलोची सूटकेस एका हाताने सहज उचलली. व्यायाम वाया जात नाही.

४ जानेवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहितो, मी काय घाबरतो?

एअरपोर्टवर मी माझं स्की जॅकेट घालून गेलो. लेकीला पोचवायला जाताना थोडा रुबाब हवा. झिप उघडीच ठेवली होती, स्टाइल म्हणून.

काउंटरवर सूटकेस ठेवली. आकडा आला ८.

काउंटरवरची बाई म्हणाली, अजून बारा किलो चालेल. मी म्हटलं, काटा बिघडलाय तुमचा. छाया बोटांवर मोजत होती. मग माझ्याकडे वळली आणि नजर थेट उघड्या झिपेवर. घरी वीस, इथे आठ, म्हणाली. हे बारा किलो कोणाचे?

इतक्या लोकांत!

ईश्वरी आधी हसली. हसत हसत खालीच बसली. पण छाया हसेना. पोरीला बर्फात पाठवताय, अंगावर नुसती हुडी, स्वेटर घरी, जॅकेट घरी. तुमच्या त्या चौऱ्याहत्तरापायी! घरी अल मनखूलला जाऊन यायला वेळ नव्हता. खरंच घाबरलो.

जॅकेट काढलं आणि ईश्वरीला दिलं. तिने हुडीवर चढवलं. झिप सर्रकन गळ्यापर्यंत लागली. दीड महिन्यात माझ्याच्याने ती बेंबीच्या वर गेली नव्हती.

बघ, म्हटलं, साइज बरोबरच घेतली होती मी.

तिने मिठी मारली. तिचे हात माझ्या पाठीमागे एकमेकांना पोचले नाहीत, तरी घट्ट धरलं तिने. गेली.

१० जानेवारी, शनिवार

घर फार शांत आहे. जेवायला तीन ताटं घेतो, मग एक परत ठेवतो. लाडू पडून होते. वाया कसे जाऊ द्यायचे?

१७ जानेवारी, शनिवार

ईश्वरीचा फोटो आला. डोंगर, निळी स्की, माझं जॅकेट. आपली निवड चुकत नाही.

खाली मेसेज. त्यांना होमवर्क आहे. खऱ्या विद्यार्थ्याची माहिती घेऊन त्याच्या स्कीची पकड किती घट्ट हवी ते काढायचं. तिने माझं नाव दिलंय. मार्चमध्ये आली की मॉलमध्ये मला शिकवणार. माझा पहिला स्टुडंट तू, म्हणे. मग लिहिलं होतं, रिअल वेट, बाबा. नाहीतर स्की परत सुटेल.

म्हणजे माल डिफेक्टिव्ह नव्हता.

७४ टाइप केलं. खोडलं. ८६ टाइप केलं. छाया मागे उभी होती. म्हणाली, लाडू धरून लिहा.

काट्यावर उभा राहिलो. बॅग नाही, बूट नाही, घड्याळही काढून ठेवलं. मग लाडू धरून पाठवलं. मार्चमध्ये पोरीबरोबर घसरायचंय मला.

तो आकडा इथे लिहायची गरज नाही.