पाणचक्कीवाल्याचं ऑपरेशन

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र मिळताच निघ. बाबांच्या हृदयाची झडप आता फार काळ साथ देणार नाही, शहरात नेऊन ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. बाबांचं एकच, पाणचक्की कोण बघणार? लाकडी चाक थांबलं की वाळतं आणि वाळलं की तडकतं, हे तुला पाठ आहेच. नगरपालिकेने गावाच्या वारशाच्या यादीत चक्कीचं नाव घातल्यापासून तर ते स्वतःपेक्षा चाकाला जपतात. काल जिन्यात मधेच बसले आणि म्हणाले, जरा विचार करतोय. मी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तू इथे चक्की सांभाळ, मी त्यांना शहरात तुझ्या घरी नेते. तुझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला हे जमणार नाही असं त्यांचं मत आहे. ते खोटं पाड. बायकोला सांग, नणंद येतेय, पण भांडायला नाही.

तुझी कावलेली,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुम्ही गेल्यावर सुरुवातीला बरं चाललं होतं. पाणी सोडायला पाटाची फळी उचलायची, आसाला वंगण घालायचं, आलेल्यांना माहिती सांगायची. नगरपालिकेच्या बाई रविवारी पाहुण्यांना आधी दगडी पूल, मग धान्याचं जुनं कोठार आणि शेवटी आपली चक्की दाखवतात. एका आजोबांनी मला विचारलं, तुम्हीपण वारशातच का?

पण सोमवारी वरचा बांध फुटला आणि पाट बंद झाला. दुरुस्तीला महिना लागेल म्हणतात. आहे ते पाणी बटाट्याच्या शेतांना सोडलंय. बरोबरच आहे ते, भांडू कोणाशी? मी विहिरीवरून बादल्या आणून चाकावर मारतोय. खालचा भाग भिजेपर्यंत वरचा वाळतो. काल चाकाची एक फळी तडकली. मला धडकी भरली आहे, ताई. बाबांना यातलं अक्षरही कळू देऊ नकोस.

माझ्या हातून चाक गेलं तरी लोभ जाऊ देऊ नये.

तुझा,
धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. बाबा ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. चाक फिरतंय असं तुझ्या अक्षरात हवंय त्यांना. म्हणतात, ताई मला बरं वाटेल तेच सांगते, धाकट्याला खोटं पचत नाही. त्यांचे ओठ निळे पडलेत रे. श्वास घ्यायला उशीला टेकून बसतात. तू खोटं लिही. पाप माझ्या माथी. वेळ घालवू नकोस, हात जोडते.

तुझी,
ताई

१ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम. पाटाला भरपूर पाणी आहे आणि चाक छान फिरतंय. इतकं सुरळीत, की हल्ली कुरकुरसुद्धा करत नाही. निर्धास्त मनाने ऑपरेशन करून घ्या.

आशीर्वाद असावा.

आपला,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, अगं, फिरतं चाक कुरकुरतंच. गप्प असतं ते थांबलेलं. पण ते रागावले नाहीत. पेन मागितलं, सही केली आणि म्हणाले, आता परत जायची घाई नाही, करा काय करायचं ते.

ऑपरेशन नीट झालं. पण ते डोळे उघडत नाहीत. एव्हाना शुद्धीवर यायला हवे होते, त्यांच्याशी बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. घरचं, दारचं, तुझ्या लहानपणीचं, सगळं बोलून झालं. काल कानाशी वाकून मी घशातून चाकाची कुरकुर करायला लागले. नर्सने विचारलं, घसा दुखतोय का? मी मान हलवली आणि ती गेल्यावर पुन्हा सुरू केलं. एकदा त्यांच्या भुवया हलल्या. माझा भासही असेल.

पण मला तो आवाज नीट आठवत नाही रे. त्यांना तो चुकलेला कळेल. चाकाची फळी वर येताना कुरकुर लांब असते की खाली जाताना? लगेच लिही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई