दार उघडं असलं की चालतो

जनवाडा,
१६ ऑक्टोबर १९८९

चि. अण्णाराव यास बळीरामचे आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र पोचलं. हैदराबादच्या दुकानामागची खोली आमच्यासाठी चुना मारून ठेवलीस, ते वाचलं. राजूबाईला, तुझ्या वहिनीला, वाचून दाखवलं, तर तिनं त्याच संध्याकाळी कोंबड्या कुणाला द्यायच्या ते ठरवायला घेतलं. मी अजून हो म्हणलेलो नाही, हे तिला सांगून उपयोग नाही. बाकी सगळे मजेत. तूर यंदा चांगली उभी आहे.

आता कामाचं. नीट वाच, तुला एक वस्तू शोधायची आहे.

आमच्या कारखान्यातला रोबोट तू पाहिलास. ट्रॅक्टरच्या सीटच्या चौकटी वेल्डिंग करणारा हात, आणि शेजारचं लोखंडी कपाट म्हणजे त्याचा मेंदू, कंट्रोलर. मालक आप्पारावांनी तो कुठूनतरी जुना आणला, सोबत जपानी पुस्तक. मी नुसती चित्रं बघून शिकलो. आज त्यातली कुठलीही तार कुठून निघते नि कुठं जाते ते मला विचारावं. बढाई नाही, आहे ते लिहितो.

खांडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा झाली. मी दरवर्षीसारखा बाजूला उभा राहिलो, खोबरं-गूळ घेतला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बिदरला विहारात गेलो. परत कामावर आलो तर हा बिघाड.

सकाळी चालतो. ऊन चढलं की मधेच थांबतो, लाल दिवा लावतो. थोडा थंड होऊ दिला की पुन्हा चालतो. आधी मी अदलाबदल केली, म्हणजे हाताच्या एका सांध्याचं सर्किट-कार्ड दुसऱ्याला लावलं. कार्ड खराब असलं तर दुखणं त्याच्यामागं जातं. गेलं नाही. मग सगळ्यांना वीज देणारं कार्ड धरलं. मीटरच्या तारा दाराच्या फटीतून बाहेर काढल्या नि बघत बसलो. थांबायच्या आधी व्होल्ट खाली सरकतात. पण कपाटाचं दार उघडं ठेवलं तर दिवसभर शहाण्यासारखा चालतो. आमचा वेल्डर सिद्धप्पा म्हणतो, "सासू समोर असली की सून असतीय, तसा हाय बघ ह्यो."

मालक म्हणाले, मग दार उघडंच ठेवा. मी साफ नाही म्हणलं. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आत गेली तर मेंदूच जाईल. वरचा पंखा फिरतोय, तो मी बघितला. तेव्हा वीज देणाऱ्या कार्डावरचा मोठा ट्रान्झिस्टरच म्हातारा झालाय, ताप सोसवत नाही, असं माझं मत आहे. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. शेवटच्या अक्षरासकट जुळला पाहिजे. दुकानदार म्हणेल, "एकीच बात है मियाँ, ले जाव." आणायचा नाही. नवा न मिळाला तर मोडीतल्या सामानात बघ.

घाई अशासाठी, की मालकांनी पुण्याच्या गिऱ्हाइकाला बोलावलंय. दिवाळीपर्यंत हा धड झाला नाही तर रोबोट विकणार. तो गेला तर मला पंपाच्या जळक्या मोटारींना पुन्हा तार गुंडाळायचंच काम उरेल. ते मी आता करणार नाही. मग तुझी खोली आहेच.

तुझा,
बळीराम


जनवाडा,
२६ ऑक्टोबर १९८९

चि. अण्णाराव,

जयभीम. तू पाठवलेला ट्रान्झिस्टर मिळाला. नंबर अक्षरासकट बरोबर. उन्हातान्हात मोडीवाल्यांकडं फिरलास, त्याबद्दल शाबासकी. तो बसवला. सोल्डरचा डाग असा घातला की चिकटवलाय का उगवलाय कळू नये. दार लावलं, चालू केला.

ऊन चढल्यावर पुन्हा थांबला.

वस्तूत खोट नव्हती. खरं तर जुन्यातही नव्हती. तो आता डबीत जपून ठेवलाय.

तू विचारशील, मग काय होतं. सांगतो, पण आधी हे ऐक की रोबोट तीन दिवस सलग चालतोय, दार लावून, भर दुपारी. मालकांनी पुण्याला फोन करून विकायचा नाही म्हणून सांगितलं. बातमी घरी आली तशी तुझी वहिनी शेजारच्या शिवम्माला दिलेल्या दोन कोंबड्या परत मागायला गेली. शिवम्मानं एकच परत दिली. दुसरी खाल्ली म्हणते.

आता कारण. पूजेला सिद्धप्पानं कंट्रोलरला झेंडूचा हार घातला होता, हाताएवढा जाड, वर आंब्याची पानं. तो दारावरनं खाली लोंबत होता, नेमका खालच्या जाळीवर. वरचा पंखा आतली गरम हवा बाहेर टाकतो, पण थंड हवा त्या जाळीतून आत यावी लागते. हार सुकला, पाकळ्या ओढल्या जाऊन जाळीला चिकटल्या, जाळी लिंपल्यासारखी झाली. दार उघडलं की हवा मोकळी. साधी गोष्ट. नवा ट्रान्झिस्टर घालूनही थांबला, त्या दुपारी मी कागदाची पट्टी जाळीपाशी धरली. आत ओढली जायला पाहिजे होती. हलली नाही.

अण्णाराव, मागच्या पत्रात एक लिहिलं नाही. हार मला दिसत नव्हता असं नाही. रोज दिसत होता. दार उघडायला तोच बाजूला सारावा लागायचा, बोटाच्या टोकानं. पूजेचा हार कारखान्यात लक्ष्मीपूजनाला बदलतात, तोवर काढत नाहीत. आणि ओढून टाकायला माझा हात गेला नाही. का, ते तुला लिहून कळवायला नको, आपण एकाच घरात वाढलो. उद्या कुणी म्हणलं असतं, बळीरामनं आमच्या देवाचं फूल टाकलं, तर? म्हणून तिकडं बघायचंच नाही असं ठरवून मी कार्डं बदलत बसलो.

कागद हलला नाही तसं सिद्धप्पाला बोलावलं. म्हणलं, "तुझा हार आड यायलाय."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मग काढायचा की. कामून ठेवलास?"

"पूजा तुमची. तूच काढायचास."

"मी?" तो म्हणाला. "बळीअण्णा, ह्या कपाटाला कुणी फडकं लावलं तरी तू अर्धा तास बोलतोस. मागं मी नुसता टेकलो तर म्हणलास, मेंदूवर वजन टाकू नको. मी हात लावीन व्हय? आम्हाला वाटलं, तुला आवडलाय म्हणून ठेवलाय."

मी विचारलं, "मी काढला असता तर चाललं असतं?"

तो हसायला लागला. "अरे, रोज त्याखाली बसून घाम गाळायलास. देवालाच कीव आली असंल."

मग बाकीचेही जमले. कुणीतरी म्हणलं, देवाला घाबरायचं सोडा, आम्ही बळीअण्णाला घाबरतोय. मालकसुद्धा पोट धरून हसले. मला राग यायला पाहिजे होता, आला नाही. हार मी काढला. माझ्या हातानं, सगळ्यांसमोर. सिद्धप्पानं ओंजळ पुढं केली, त्यात ठेवला. जाळी सोडवून नळाखाली धुतली, उन्हात वाळवली, बसवली. कागद धरला तर चटकन चिकटला. सिद्धप्पानं तीनदा काढून पुन्हा लावून बघितला.

लक्ष्मीपूजनाला नवा हार आहे. पूजा मी करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी आग्रहही करत नाही. पण हार कुठं घालायचा हे काल मलाच विचारायला आले. मी खडूनं रेघ मारून दिली आहे. रेघेच्या खाली एक पाकळी आली तर मी बोलणार, हेही सांगितलंय.

तू नेहमी लिहितोस, "तिथं तू कायम पाहुणाच राहशील, इकडं ये." तुझी माया कळते. चुना मारलेल्या खोलीत एखादा भाडेकरू ठेव. दिवाळीनंतर चार दिवस मुलांना घेऊन तूच ये. रोबोट दाखवतो, लांबून.

वहिनीचे आशीर्वाद.

तुझा भाऊ, राहणार इथलाच,
बळीराम