अंगठा आणि पुस्तक

वाई, ३ नोव्हेंबर १९७६
शशीने धरणाच्या कामावरच्या भंगारातून टर्बोचार्जर आणला. कुठल्याशा परदेशी यंत्राचा. इंजिनात जादा हवा कोंबतो म्हणे, म्हणजे भरलेला ट्रक घाटात दम टाकणार नाही. गेल्या वर्षी पसरणीच्या घाटात टाकलाच होता. ट्रक मागे सरकत दरीकडे. मागच्या गाडीवाल्याने चाकाखाली दगड घातला म्हणून माझा हा भाचा वाचला.
सोबत इंग्रजी पुस्तक. तेलकट, काळे. वाचायला अर्थात मी. निवृत्त झाले तरी हे सुटत नाही.

६ नोव्हेंबर
सांगली. दस्तगीर मिस्त्रींचे (यापुढे मि.) गॅरेज. लाकडी ठोकळ्यांवर दोन इंजिने. एक ट्रकचे स्वतःचे, नव्याने बांधलेले, घट्ट, म्हणजे हवा जास्त दाबणारे. दुसरे खोल वाटीच्या पिस्टनचे, त्यात हवा कमी दाबली जाते. टर्बो (मि. त्याला ‘पंखा’ म्हणतात) कोणत्याला जोडायचा?
पुस्तक स्वच्छ सांगते: इंजिनाचा दाब कमी ठेवा, नाहीतर पिस्टन फुटेल. मि.ना घट्टच हवे. ढिले इंजिन घाट चढत नाही, एवढेच कारण. शशी लगेच त्यांच्या बाजूला.
"आत्या, तू इंग्रजीची बाई. इंजिनाची न्हवं."
चौतीस वर्षे शाळेत मी बहुधा माशा मारत होते.

९ नोव्हेंबर
पुन्हा सांगली. मि. दाब कसा बघतात? इंजिनाच्या भोकावर अंगठा ठेवायचा, दुसऱ्याने हँडल मारायचे. अंगठा उडाला की इंजिन पास! शशीला म्हटले, या अंगठेबहाद्दराच्या हाती जीव देणार का. मि. मागेच उभे. रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले,
"व्हय बाई. सहीला बी ह्योच, इंजिनाला बी ह्योच."
मग माझा अंगठा मागितला. ठेवला. दोन्ही इंजिनांवरून उडाला. फरक कळला का, मि.नी विचारले. कळला, मी म्हटले.
खोटे. पाचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या मदरने या थापेबद्दल मला अर्धा तास गुडघ्यांवर उभे केले असते.
निघताना मि.नी विचारले, हे पुस्तक कुठल्या इंजिनाचे?
पहिले पान मी वाचलेच नव्हते. मी! ‘आधी पहिले पान’ म्हणून मुलींना झोडपणारी. उघडले. बोटीवर वीज करणाऱ्या इंजिनाचे. एका जागी बसून चालणारे. घाटाशी संबंध नाही.
सांगितले. शशी हसला. मि. नाही. पंख्याची पाती बोटाने फिरवत बसले. मग म्हणाले,
"पण पंखा बाहेरनं दम भरतोय, ह्ये तर खरं?"
खरे.
"मग इंजिनानं आदीच एवढं दाबून कसं चालंल?"
खोल वाटीचेच बसवतो म्हणाले.
जिंकले. तेही बोटीच्या पुस्तकावर.

१७ नोव्हेंबर
ट्रक दारात. वाळूची पोती भरून पसरणीत चाचणी. शशी म्हणतो, आत्या घरी थांब. का? पुस्तक मी वाचले. पहिले पान सोडून.
मि. सांगलीहून मुद्दाम आले. एक मोठा दगड उचलून केबिनमध्ये ठेवत होते.
"ह्यो लागायचा न्हाई, बाई."
मग घेतलात कशाला, विचारले. मि. अंगठा चोळत राहिले.
दगड माझ्या पायाशी येतो. पाय आखडून बसेन. शशी हॉर्न वाजवतोय, आणि चष्मा कुठे